बंद एक्स-रे मशीनमधून किरण येत राहतात का?

‘एक्स-रे मशीन बंद असलं तरी त्यातून किरण झिरपत राहतात, त्या खोलीत पाऊलही टाकू नका’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. भीती वाटणं साहजिक आहे, कारण किरण दिसत नाहीत. पण ते मोजता येतात.

आधी ते तयार कसे होतात ते पाहू. मशीनमध्ये हवा काढून घेतलेली एक नळी असते. तिच्यात एकीकडे तापलेली बारीक तार, समोर टंगस्टन. दोन्हींमध्ये साधारण ४० ते १२० हजार व्होल्टचा दाब दिला की तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात आणि एक्स-रे निघतात. दाब गेला की किरण त्याच क्षणी थांबतात. खोलीत काहीही साचत नाही. कोबाल्ट-६० सारखे किरणोत्सारी पदार्थ मात्र सतत किरण सोडतात. गल्लत बहुधा इथेच होते.

पडताळणी किरण मोजणाऱ्या मीटरने होते. एक्सपोजर देताना, म्हणजे फोटोसाठी किरण सोडताना, आकडा एकदम उसळतो, मग ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या (किरणांचा डोस मोजायचं एकक) आसपास येतो. शून्य का नाही? कारण जमिनीतून आणि अवकाशातून थोडे किरण सगळीकडेच येतात. तोच मीटर इमारतीबाहेर नेला तरी साधारण तेवढंच दाखवतो.

एक काळजी घ्यायलाच हवी. एक्सपोजर सेकंदाच्या अंशापुरतं असतं, संथ मीटरला ते नीट पकडता येत नाही. म्हणून मीटर एकूण डोस मोजण्यावर लावतात. आणि दारावरचा लाल दिवा लागलेला असेल, तेव्हा बाहेरच थांबा.