क्युसेकपासून गोठ्यापर्यंत : कृष्णाकाठच्या पूरनियोजनाची पार्श्वभूमी

पावसाळा तोंडावर आला की सांगली-कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत मान्सूनपूर्व आढावा बैठका सुरू होतात. पाटबंधारे, महसूल, पोलीस, आरोग्य, महावितरण, एसटी, महापालिका, सगळ्या खात्यांची माणसं एकत्र बसतात. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, कुठल्या गावाला कुठली शाळा निवाऱ्यासाठी, याची उजळणी होते. आज ही बैठक नेहमीची वाटते. पण इथवर यायला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

आपली जुनी शासकीय व्यवस्था घडली ती दुष्काळासाठी. इंग्रजी अमलातल्या दुष्काळ संहितांनी कामं कधी काढायची, मदत कुणाला द्यायची हे ठरवून दिलं होतं. दुष्काळ मात्र सावकाश येतो. कागद फिरवायला वेळ मिळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपाने तो वेळच दिला नाही. गणपती विसर्जन उरकून गावं झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली घरं दगडमातीसकट माणसांवर कोसळली. त्यानंतर राज्यात जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखड्यांचं काम हाती घेतलं गेलं.

मग २००५ चा पावसाळा आला. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; त्याच पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेनेही काठ सोडला. त्या वर्षाअखेर आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष, असं प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्याला मिळालं. स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून आराखडा करायचा आणि दरवर्षी तो तपासायचा, हे कायद्यानेच बंधनकारक केलं.

तरी खरी अडचण भाषेची आहे, असं मला वाटतं. कोयना धरणावरचा अभियंता क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं यात, बोलतो. कोल्हापूरचा नियंत्रण कक्ष राजाराम बंधाऱ्यावरचे फूट सांगतो : ३९ ला इशारा, ४३ ला धोका. सांगलीत आयर्विन पुलाची ४५ फुटांची खूण पाहतात. नृसिंहवाडीचा माणूस दत्त मंदिरात पाणी कुठवर आलं यावरून ओळखतो. दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे मंदिरात शिरलेलं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं, की पाणी चढतंय हे त्याला कळतं. धरणातून सोडलेलं पाणी आपल्या उंबऱ्याला किती वाजता लागेल, हा त्याचा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला या सगळ्या मोजमापांची सांगड घालावी लागते, तीही पाऊस सुरू होण्याआधी.

ऑगस्ट २०१९ मध्ये ही सांगड तोकडी पडली. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या घरात गेलं. 'पाच साली इथवरच आलं होतं' या हिशेबाने अनेकजण घरातच थांबले; गोठ्यातली म्हैस सोडून जायची कशी, हा दुसरा प्रश्न. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. ती बातमी वाचताना आजही घसा दाटून येतो.

खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने इथे पूर येतो का, हा वाद तेव्हा पुन्हा पेटला. राज्याने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. काठच्या अनेकांना ते आजही पटलेलं नाही. पण एक नदी दोन राज्यांतून वाहते, तेव्हा एकट्या जिल्ह्याचा आराखडा अपुराच पडणार. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले. पाऊस आणि विसर्गाची माहिती एकमेकांना वेळेवर कळवण्यावर बोलणं झालं.

पुढच्याच महिन्यात पूर आला. या खेपेला मात्र काठच्या कितीतरी घरांनी पाणी अंगणात यायची वाट पाहिली नाही. आधी दावणीची जनावरं निघाली, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्याची पोती आणि म्हातारी माणसं.