ऑक्सिजन किती द्यायचा? आरओपीच्या संशोधनाची पार्श्वभूमी

१९४२ साली बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांमधला एक नवाच विकार नोंदवला. बाळाच्या डोळ्यात भिंगाच्या मागे पांढुरका, तंतुमय थर जमलेला असे आणि त्याला दिसत नसे. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० मुलं अशी अंध झाली. त्यांतली बहुतेक अमेरिकेतली होती. आज या आजाराला रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतं आरओपी.

हा आजार सुसज्ज रुग्णालयांत जास्त आणि साधनं तोकडी असलेल्या ठिकाणी कमी आढळत होता, हे मोठंच कोडं होतं. प्रखर उजेड, लोह, ई जीवनसत्त्वाची कमतरता अशी पन्नासहून अधिक कारणं पुढे आली.

उपायांचीही तीच गत. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ विल्यम सिल्व्हरमन यांनी एसीटीएच हे संप्रेरक ३१ बाळांना देऊन पाहिलं. त्यांतल्या २५ जणांची नजर शाबूत राहिली. एवढं यश पाहून कुणीही तोच इलाज सुरू ठेवला असता. सिल्व्हरमन यांनी मात्र रीतसर चाचणी घ्यायचं ठरवलं. कोणत्या बाळाला औषध द्यायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता निळ्या आणि पांढऱ्या गोट्यांतून एक गोटी उचलून ठरवलं जाई. निकाल उलटा लागला. औषध मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळं अंध झाली, न मिळालेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश. औषधाच्या गटात मृत्यूही जास्त झाले. बहुतेक बाळांमध्ये आजार सुरुवातीच्या टप्प्यातच आपोआप ओसरतो आणि त्याचं श्रेय औषधाला मिळत होतं, हे तेव्हा लक्षात आलं. डोळ्यांच्या संशोधनात मला या गोट्यांचं मोल फार वाटतं. हाताला यश येत असताना स्वतःवरच शंका घ्यायला धैर्य लागतं.

लवकर जन्मलेल्या बाळांना जगवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनवर पहिलं ठोस बोट ठेवलं ते मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी, १९५१ मध्ये. सढळ हाताने ऑक्सिजन देणाऱ्या आणि हात राखून देणाऱ्या ठिकाणच्या बाळांची त्यांनी तुलना केली होती. त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये अर्नाल पॅट्झ यांनी दोन गट करून बाळांना कमी-जास्त ऑक्सिजन द्यायला सुरुवात केली. ऑक्सिजन कमी करणं म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ, या समजुतीने त्यांना सरकारी अनुदान नाकारलं गेलं. त्यांनी भावाकडून पैसे उसने घेतले. काही परिचारिका रात्री गुपचूप ऑक्सिजन वाढवून ठेवत. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना बाळ जगवायचं होतं. पण जास्त ऑक्सिजनच्या गटातच डोळे जात आहेत, हे त्यातूनही दिसलंच.

मग १८ अमेरिकन रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासाने १९५४ मध्ये ऑक्सिजनचा दोष पक्का केला. सगळीकडे नळ आवळले गेले आणि अंधत्वाचं प्रमाण झपाट्याने घटलं. ही कहाणी बहुतेकदा इथेच थांबवली जाते, आणि ते मला बरोबर वाटत नाही. या अभ्यासात बाळांची नोंद जन्मानंतर ४८ तासांनी होत होती. म्हणजे ज्या दोन दिवसांत ऑक्सिजनची गरज सर्वांत जास्त आणि मृत्यूही सर्वांत जास्त, तेच मोजदादीबाहेर राहिले. ऑक्सिजन कमी केल्याने मृत्यू वाढत नाहीत, असा समज त्यातून रुजला. १९७३ मध्ये ब्रिटनच्या केनेथ क्रॉस यांनी मृत्यूच्या आकड्यांवरून अंदाज मांडला: अंधत्व टळलेल्या प्रत्येक बाळामागे सुमारे १६ बाळं दगावली असावीत.

डोळ्यात नेमकं काय घडतं, याचा उलगडा समांतर चालला होता. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याच्या, रक्तवाहिन्या गर्भाच्या साधारण चौथ्या महिन्यापासून मधून कडेकडे वाढत जातात आणि कडेपर्यंत पोचायला जवळजवळ पूर्ण दिवस भरावे लागतात. गर्भात ऑक्सिजन कमी असतो आणि त्या कमतरतेमुळेच वाहिन्या पुढे सरकतात. बाळ लवकर जन्मलं आणि त्याला भरपूर ऑक्सिजन मिळाला की ही वाढ थांबते. काही आठवड्यांनी उपाशी राहिलेला पडदा रक्तासाठी जोरदार संदेश सोडतो, मग वेड्यावाकड्या, नाजूक वाहिन्या उगवतात, व्रण आकसतात आणि पडदा ओढून सुटू शकतो. असा संदेश देणारा पदार्थ असला पाहिजे, हे आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच सुचवलं होतं. नॉर्मन अ‍ॅश्टन यांनी लंडनमध्ये मांजराच्या पिल्लांवर प्रयोग करून ऑक्सिजनने वाहिन्या कशा आक्रसून बंद होतात ते दाखवलं. त्या पदार्थाचा, व्हीईजीएफचा, पत्ता १९८० च्या दशकात लागला. मधुमेहामुळे होणाऱ्या पडद्याच्या विकारातही तोच मुख्य सूत्रधार निघाला, म्हणून त्याला रोखणारी डोळ्यातली इंजेक्शनं आज लाखो प्रौढांची नजर टिकवत आहेत.

प्रमाणाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. २०१० मध्ये गर्भाचे २४ ते २७ आठवडे भरून जन्मलेल्या बाळांवरच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी ८५-८९ टक्के आणि ९१-९५ टक्के अशा दोन गटांत ठेवली गेली. कमी पातळीत तीव्र आरओपी निम्म्यावर आला (८.६ विरुद्ध १७.९ टक्के), पण मृत्यू वाढले (१९.९ विरुद्ध १६.२ टक्के). म्हणून आता बहुतेक ठिकाणी पातळी थोडी वरच ठेवतात, आणि त्यामुळे वाढणारा डोळ्याचा धोका वेळेवरच्या तपासणीने आटोक्यात ठेवावा लागतो. फार लवकर जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्यापासून बाहुली मोठी करून तपासतात. गरज पडली तर लेझर किंवा इंजेक्शन देतात, आणि तेही दिवसांच्या हिशेबात: तीव्र आजार दिसल्यापासून उपचाराला दोन-तीन दिवसांहून जास्त उशीर परवडत नाही.