तोंडाला पाणी की तोंडाला कोरड? वाइनमधलं आंबट आणि तुरट

डिसेंबरातली रात्र, नागपुरात धरमपेठेतल्या मित्राची गच्ची, सगळ्यांच्या अंगात स्वेटर. टेबलावर नाशिकच्या दोन बाटल्या: एक शेनिन ब्लाँ, म्हणजे व्हाइट, आणि एक कॅबरने सोव्हिन्यो, म्हणजे रेड. मित्राच्या वडिलांना आम्ही सगळेच काका म्हणतो. त्यांनी रेडचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास खाली ठेवला. "हे तं आंबट आहे पोट्टेहो!"

वहिनींच्या हातात व्हाइट होती. त्या म्हणाल्या, "नाही हो बाबा, आंबट तर माझी आहे. तुमची तुरट आहे."

वाइन चाखायला शिकवणारे ज्यावर अख्खा तास घालवतात ते वहिनींनी दोन वाक्यांत उरकलं. काकांची चूक मात्र एकट्या काकांची नाही. रेड जिभेला लागली की दहातले आठ जण "आंबट" म्हणतात, कारण दोन्ही चवींना चेहरा सारखाच होतो: डोळे बारीक, ओठ आत. चेहरा सारखा, पण तोंडात घडतं ते अगदी उलट. आंबटाने लाळ सुटते, तुरटाने असलेली लाळही जाते.

ओळखायची खूण सोपी आहे. घोट गिळा, मान जरा खाली घाला, तोंड किंचित उघडं ठेवा आणि मनात दहा आकडे मोजा. जिभेखाली पाणी जमायला लागलं तर ते आंबट. ओठाच्या आतला भाग हिरडीला चिकटतोय, जीभ टाळूवरून फिरवताना खरखरतेय, असं झालं तर ते तुरट. दोन्ही होत असेल तर दोन्ही आहे. तसंही पुष्कळदा असतं, त्याकडे पुढे येतोच.

काकांना हे पटेना. मग गच्चीवरून सगळे स्वयंपाकघरात. एका कपात चिंचेचा कोळ पाण्यात कालवला. दुसऱ्यात बिनसाखरेचा कोरा चहा, चांगला दहा मिनिटं उकळून थंड केलेला. काकांनी आधी चिंच घेतली: गालाच्या आतून पाणी सुटलं, दात आंबले. मग चहा: तोंड आवळून आलं आणि त्यांनी आपण होऊन पाणी मागितलं. तेवढ्यावर थांबलो असतो, पण वहिनींनी दोन्ही कपांत चमचा चमचा दूध टाकलं. चहाचा तुरटपणा मावळला. चिंचेत दुधाच्या गाठी झाल्या.

त्या दोन चमच्यांत सगळं शास्त्र आलं. चहात आणि रेड वाइनमध्ये असतात ती टॅनिन्स, आणि टॅनिनला प्रथिनं धरून ठेवायची सवय असते. दूध घातलं की ते दुधातल्या प्रथिनांना धरतं आणि आपल्या तोंडाला सोडतं. दूध नसेल तर लाळेतली प्रथिनं धरतं. लाळेचं वंगण याच प्रथिनांमुळे असतं. ती टॅनिनबरोबर गोळा होऊन बाजूला पडली की जीभ आणि गाल एकमेकांवर कोरडे घासतात. म्हणजे तुरट ही जिभेला कळणाऱ्या चवीपेक्षा कातडीला कळणाऱ्या स्पर्शाच्या जवळची गोष्ट आहे. टॅनिन हा शब्दच मुळी चामडं कमावण्याच्या धंद्यातून आलेला आहे. आपल्याकडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कातडं कमावतात ते याच गुणामुळे. रेडच्या घोटाने आपल्या तोंडाचं थोडंसं तेच होतं, म्हटलं तरी चालेल.

आंबटाचं काम वेगळं. ती आम्लं. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि चिंचेतलंही तेच, म्हणून त्या रात्री लिंबू न घेता चिंच घेतली. दुसरं मॅलिक, हिरव्या सफरचंदातलं. तिसरं लॅक्टिक, दह्यातलं. ते द्राक्षातून येत नाही, जिवाणू मॅलिकचं लॅक्टिक करतात. बहुतेक रेड वाइनमध्ये आणि शार्डोने या पांढऱ्या द्राक्षाच्या बऱ्याच वाइनमध्ये हे होऊ देतात. त्याने कैरीसारखा टोकदार आंबटपणा ताकासारखा गोलसर होतो. दूध फाटलं ते आम्लामुळे, टॅनिनचा तिथे संबंध नाही.

आपली भाषा इथे आपल्या बाजूने आहे. मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय: आयुर्वेदाने षड्रसांत कषायाला, म्हणजे तुरटाला, स्वतंत्र पाट मांडून दिलाय. ज्या खड्याने आपण गढूळ पाणी निवळतो त्याचं नावच तुरटी. इतका शब्द घरात असताना वाइन समोर आली की आपण सगळ्याला "आंबट" किंवा "कडक" म्हणून मोकळे होतो, याचं मला नवल वाटतं. जांभूळ खाताना कोणी अशी गल्लत करत नाही. उन्हाळ्यात हातगाडीवर येणारं टेंभरं जरा कच्चं निघालं तर पाच वर्षांचं पोरही "तुरट आहे" म्हणून थुंकतं.

आता मूळ कारणाकडे. आंबटपणा द्राक्षाच्या रसातून येतो, तुरटपणा साल आणि बी यांतून. व्हाइटसाठी द्राक्षं आधी दाबतात आणि नुसता रस आंबवतात, म्हणून तिच्यात टॅनिन नावापुरतं. रेडसाठी साल-बियांसकट आंबवतात. रंग सालीतून येतो आणि रंगाबरोबर टॅनिनही. म्हणून व्हाइटचा कणा आम्लाचा असतो आणि रेडचे कणे दोन. लंडनच्या वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टच्या चाखणीच्या तक्त्यात ॲसिडिटी आणि टॅनिन यांच्या ओळी वेगळ्या आहेत, त्या यासाठीच.

प्रदेश ओळखायला यातलं आंबट जास्त कामाचं. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उन्हात खर्च होतं. जितकी उष्ण जागा, तितकं आम्ल कमी. जर्मनीतलं मोझेल ५० अक्षांशाच्या आसपास आहे. तिथली रीसलिंग नावाची व्हाइट इतकी आंबट असते की पुष्कळदा तिच्यात थोडी साखर राहू देतात, आणि तरी ती गोडगट्ट लागत नाही. पन्ह्यासारखं ते प्रकरण असतं. फ्रान्समधलं शाब्ली थंड, तिथली शार्डोने धारदार. तेच शार्डोने द्राक्ष गरम प्रदेशात लावलं की वाइन भरदार आणि मऊ होते. तिथे आम्ल कमी पडलं तर टार्टारिक वरून घालायची रीत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. नाशिक २० अक्षांशावर, म्हणजे आपल्या नागपूरच्याही जरा खाली. तरी तिथे जमतं, कारण पावसाळा टाळून द्राक्षं थंडीत पिकवतात आणि जानेवारी ते मार्च तोडतात. नाशिकच्या चांगल्या शेनिन ब्लाँमध्ये तोंडाला पाणी सुटतं ते त्या थंड रात्रींमुळे.

तुरटपणा मात्र प्रदेशापेक्षा द्राक्षाच्या जातीवर आणि करणाऱ्याच्या हातावर जास्त. फ्रान्समधल्या बर्गंडीचं पिनो न्वार द्राक्ष पातळ सालीचं, त्यात टॅनिन थोडं. बोर्दोचं कॅबरने सोव्हिन्यो जाड सालीचं आणि लहान दाण्याचं, त्यात भरपूर. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या मादिरांचं ताना द्राक्ष तर या बाबतीत कुप्रसिद्ध. १९९० च्या दशकात तिथलेच वाइन करणारे पात्रिक द्युकुर्नो यांनी टाकीत ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे सोडून टॅनिन मऊ करायची युक्ती काढली. ती पुढे जगभर गेली.

आणि दोन्ही एकत्र हवं असेल तर इटलीतल्या पिडमाँटची बारोलो. नेब्बियोलो द्राक्ष, आंबट उंच, तुरट त्याहून उंच, आणि रंग मात्र इतका फिका की डोळ्याला वाटतं हलकीच असणार. मी तिला आवळा म्हणतो. आवळाही आधी आंबट की आधी तुरट हे ठरवू देत नाही. बारोलो विकायला काढण्याआधी किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात, असा तिथला नियम आहे. मुरताना टॅनिनचे कण एकमेकांना जोडले जातात, मऊ पडतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. आम्ल मात्र जवळपास तिथेच राहतं. म्हणून जुन्या बाटलीत तुरटपणा उतरलेला आणि आंबटपणा टिकलेला सापडतो. कोवळी रेड तोंड आवळत असेल तर वाट बघण्यात अर्थ आहे. अतिआंबट व्हाइट ठेवून गोड होत नाही.

नागपूरकरांसाठी एक खास घोळ. ऑरेंज वाइन म्हटलं की इथे प्रत्येकाला संत्र्याची वाटते, आणि त्यात आपला काय दोष! पण तिचा संत्र्याशी काही संबंध नाही. ती पांढऱ्या द्राक्षांची, फक्त सालीसकट आंबवलेली, म्हणून रंगाने नारिंगी. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या क्वेव्री नावाच्या मोठ्या मातीच्या रांजणांत ती पिढ्यान्‌पिढ्या करतात. त्या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. ही व्हाइट असूनही तुरट लागते. "व्हाइट म्हणजे आंबट, रेड म्हणजे तुरट" असं पाठ केलेल्याची इथे दांडी उडते.

तसाच घोळ "ड्राय" या शब्दाचा. रेडने तोंड कोरडं पडलं की लोक तिला ड्राय म्हणतात. ड्रायचा अर्थ फक्त साखर उरलेली नाही, एवढाच. ड्राय व्हाइटने तोंडाला पाणी सुटतं आणि थोडी गोड ठेवलेली रेडही तोंड कोरडं करू शकते.

मग चांगलं-वाईट कसं ठरवायचं? माझं मत सांगतो. आंबटपणा किती आहे यापेक्षा तो घोटाबरोबर राहतो की वेगळा निघतो, हे बघावं. फळाच्या आधी आम्ल टोचलं आणि मागे काही उरलं नाही, तर वाइन पोकळ. तुरटपणाचा पोत बघावा: चांगलं टॅनिन धुवट सुती कापडासारखं हिरड्यांवरून जातं, कच्चं टॅनिन गोणपाटासारखं ओरखडतं आणि मागे बी चावल्यासारखी कडवट चव ठेवतं. उष्ण हवेत साखर लवकर भरते आणि बी मागे राहते, म्हणून कोवळ्या रेडमध्ये हा कच्चेपणा सापडतो. आणि आंबट वेगळं, आंबलेलं वेगळं. नाकाला व्हिनेगर आलं तर तो आम्लाचा गुण नव्हे, वाइन बिघडलीय. मी मात्र एकदा एका हॉटेलात धडधाकट बोर्दो "बिघडलीय" म्हणून परत पाठवली होती. बिचारी फक्त तुरट होती. वेटरने शांतपणे बाटली उचलली आणि मी अजून त्या हॉटेलात पाऊल ठेवलेलं नाही.

दोन सावधगिऱ्या. तुरटपणा घोटागणिक साठत जातो. पाचवी रेड पहिलीपेक्षा कडक वाटते ती बऱ्याचदा आधीच्या चारांमुळे. म्हणून व्हाइट आधी, रेड नंतर, आणि मध्ये साधा पाव व पाणी. खर्रा चघळून आलेल्याने तर त्या दिवशी मत देऊच नये, सुपारीने त्याचं तोंड आधीच आवळलेलं असतं.

दुसरी तापमानाची. थंड केलं की टॅनिन जास्त बोचतं, आणि गरम झाली की व्हाइटचा आंबटपणा ढिला पडतो. म्हणून व्हाइट ८ ते १२ अंशांवर, रेड १६ ते १८ वर. "रेड रूम टेंपरेचरला प्यावी" हे युरोपातल्या गारठलेल्या दगडी घरांचं शहाणपण आहे. मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरात रूम टेंपरेचरची रेड म्हणजे काढा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, कोणी हसलं तर हसू द्या.

जेवणाचंही तेच गणित. मटणातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला दुधासारखीच गुंतवून ठेवतात, म्हणून भाजलेल्या मटणाबरोबर तुरट रेड सुखाची लागते. सावजी रश्शाबरोबर मात्र ती नको. तिखट, अल्कोहोल आणि टॅनिन एकमेकांना पेटवतात. तिथे थंडगार, किंचित गोडसर शेनिन बरी.

फेब्रुवारीत पुन्हा त्याच गच्चीवर जमलो. तीच कॅबरने होती, सोबत वहिनींनी केलेला कमी तिखटाचा मटण खिमा. काकांनी दोन घास खाल्ले, घोट घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, "आज आंबटपणा कमी आहे ना बे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिम्याची वाटी काकांकडे सरकवली.