पारावरची चर्चा (ग्रामीण विदर्भ)

गावातील वड, पिंपळ किंवा कडुनिंबाभोवती बांधलेल्या पारावर, चावडीसमोर, जुन्या वाड्याच्या ओट्यावर किंवा रस्त्याकडेच्या पानठेल्यावर दिवसाची कामे आटोपल्यानंतर तासन् तास चालणारे संभाषण. ते बहुधा शेतमालाच्या भावावरून सुरू होते आणि देशाचे आयात-निर्यात धोरण, परदेशांतील युद्धे, राज्यकारभार, कर्ज आणि धर्म असे कोठवरही जाऊ शकते. पारावरच्या गप्पा महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. परंतु विदर्भात, त्यातही कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडात, त्यांना अर्थकारणाचे जे ठळक वळण लागले आहे ते या प्रदेशाच्या इतिहासातून आलेले आहे. कापूस विकून घरखर्च चालविणाऱ्या कास्तकाराला जगाच्या बाजाराकडे पाठ फिरवून बसणे दीड शतकापासून शक्य झालेले नाही. या बैठकीला अध्यक्ष नसतो, विषयपत्रिका नसते आणि ठरावही होत नाही. काल अर्धवट राहिलेला वाद आज पुढे चालू होतो, आणि उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या रात्री तो अधिकच लांबतो.

वऱ्हाडचे जिल्हे १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव अचानक चढले. युद्ध संपताच ते तितक्याच वेगाने कोसळले. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापूस तेव्हा अमरावतीच्या नावाने ओळखला जात असे. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तेथे सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद मार्गाची ‘शकुंतला’ प्रामुख्याने कापूस वाहून नेण्यासाठी धावू लागली. दूरच्या देशातील लढाईमुळे आपल्या वावरातील पिकाचा भाव बदलतो, हा अनुभव वऱ्हाडी शेतकऱ्याला वर्तमानपत्र वाचण्याची सवय लागण्याआधीच मिळाला होता. या चर्चेचे मूळ शिक्षणप्रसारात शोधण्याची रीत आहे, परंतु भावातील चढउतार हे त्याहून जुने आणि अधिक सबळ कारण मानावे लागते.

चर्चेची घडण मात्र बाजाराने केली नाही. ती बऱ्याच अंशी कीर्तनाने केली. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी उघड्यावर चाललेली प्रश्नोत्तरे असत. कर्ज काढून सण का करता, सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते तुम्हाला वाचता येते का, असे विषय ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांपुढे टाकत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घेत. मोझरी येथील तुकडोजी महाराजांच्या (१९०९–६८) गुरुदेव सेवा मंडळाने सामुदायिक प्रार्थनेची प्रथा गावोगावी रुजविली, आणि प्रार्थना संपल्यावर लोक तेथेच बसून गावच्या कामांविषयी बोलू लागले. वर्ध्याकडे हाच प्रवाह वेगळ्या अंगाने वाहिला. महात्मा गांधी १९३६ मध्ये सेवाग्रामला येऊन राहिले. त्याआधी १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पा पाहत. कुमारप्पा हिशेबतपासनीस होते आणि अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले होते. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९३८-३९ मध्ये नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते, आणि खेड्यातील घाणी, माग व कातडीकाम यांचा हिशेब खेड्यात बसूनच मांडला पाहिजे असा त्यांचा आग्रह होता.

भावाच्या गणिताला सिद्धांताची भाषा दिली ती शरद जोशी (१९३५–२०१५) यांच्या शेतकरी संघटनेने. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघात नोकरी केलेले जोशी भारतात परतून चाकणजवळ शेती करू लागले, आणि १९८० च्या दशकात विदर्भातील कापूस उत्पादक त्यांच्या चळवळीचा मोठा आधार बनले. संघटनेच्या प्रशिक्षण शिबिरांत उत्पादन खर्च कसा काढावा, आयात-निर्यातबंदीने भाव कसा पाडला जातो आणि शेतकऱ्याच्या बाबतीत सरकारी अनुदान उणे कसे ठरते, म्हणजे त्याला मदत मिळण्याऐवजी त्याच्याकडूनच रक्कम कशी काढून घेतली जाते, हे फळ्यावर मांडले जाई. शिबिरातून परतलेला कार्यकर्ता तेच गणित पारावर मांडी आणि तेथे त्याची उलटतपासणी होई. महाराष्ट्रात १९७२ पासून राबविल्या गेलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेमुळे, म्हणजे सर्व कापूस सरकारी यंत्रणेनेच विकत घेण्याच्या व्यवस्थेमुळे, राज्याबाहेर कापूस नेण्यास बंदी होती. योजनेने व्यापाऱ्याच्या मनमानीपासून संरक्षण दिले हे खरे, परंतु शेजारच्या राज्यात भाव अधिक असताना तो डोळ्यांदेखत सोडून द्यावा लागे हेही तितकेच खरे, आणि या दोन बाजूंवर गावेच्या गावे भांडली.

१९९१ मध्ये जागतिक व्यापार खुला करण्याच्या गॅट वाटाघाटींतील डंकेल प्रस्ताव आला तेव्हा देशातील बहुतेक शेतकरी संघटना विरोधात उभ्या राहिल्या, तर जोशींनी खुल्या व्यापाराचे स्वागत केले. वर्धा जिल्ह्यातील शेतकरी नेते विजय जावंधिया यांनी याउलट बाजू लावून धरली: अमेरिका आणि युरोप आपल्या शेतकऱ्याला अनुदान देत असताना भारतीय कास्तकाराला खुल्या बाजारात उतरविणे ही बरोबरीची स्पर्धा नव्हे. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, तरी हा वाद मिटला नाही. ज्या प्रश्नावर विद्यापीठांत परिसंवाद होत होते त्या प्रश्नाचे दोन्ही पक्ष एकाच गावातील दोन ओट्यांवर मांडले जात होते, ही गोष्ट विदर्भाच्या वैचारिक इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

या चर्चेत प्रत्यक्ष काय बोलले जाते, हे एका हिशेबावरून स्पष्ट होईल. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात, म्हणजे पुढील तारखेच्या खरेदी-विक्रीचे सौदे आज ठरविणाऱ्या बाजारात, रुईचा (सरकी, म्हणजे बी, काढलेल्या कापसाचा) भाव पौंडामागे सेंटांत बोलला जातो, तर भारतात तो ३५६ किलोच्या खंडीवर. एका खंडीत सुमारे ७८५ पौंड रुई बसते; म्हणून पौंडाला ७० सेंट भाव असेल तर खंडीचे जवळजवळ ५५० डॉलर होतात, आणि डॉलर ८५ रुपये धरल्यास ४६,७०० रुपये, म्हणजे किलोला १३१ रुपये. एक क्विंटल कापसाचे जिनिंग केले, म्हणजे त्यातील सरकी वेगळी काढली, की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. घट वजा जाता उरते ती सरकी. ३४ किलो रुईचे सुमारे ४,४६० रुपये आणि ६४ किलो सरकीचे, किलोला ३० रुपये धरून, १,९२० रुपये, अशी बेरीज ६,३८० च्या आसपास येते. जिनिंगचा खर्च त्यातून वजा करायचा. हे आकडे नमुन्याचे आहेत, परंतु २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता हे लक्षात घेतले म्हणजे खासगी व्यापारी हमीभावाच्या खाली का बोली लावतो आणि हमीभावाने खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रापुढे रांग का लागते, याचा उलगडा होतो. सरकीचा भाव वाढला तर रुई मंद असूनही कापूस तरतो, कारण सरकीची ढेप (तेल काढल्यावर उरणारा चोथा) जनावरांना लागते आणि तेलाला मागणी असते. हा मुद्दा शहरातील विश्लेषणात अनेकदा सुटतो, पारावर तो क्वचितच सुटतो.

धोरणातील बदल या गणितात लगेच उतरतात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये आयात कापसावर ११ टक्के शुल्क लावले. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते तात्पुरते उठविण्यात आले आणि ही सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली गेली. त्याच ऑगस्टच्या २७ तारखेपासून अमेरिका भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेणार होती, त्यामुळे कापडउद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा हा सवलतीमागील हेतू होता. वॉशिंग्टनमधील निर्णयाची किंमत यवतमाळच्या वावरात कोणी आणि किती मोजायची, हा त्या हंगामातील चर्चेचा विषय ठरला.

सोयाबीनने या बोलण्यात नवी भर घातली. कापसाची बरीच जमीन १९९० नंतर या पिकाखाली गेली. सोयाबीनमध्ये तेल अठरा टक्क्यांच्या आसपास आणि बाकी मुख्यतः ढेप, म्हणून त्याचा भाव ढेपेच्या निर्यातीवर आणि कुक्कुटपालकांच्या मागणीवर हलतो. ब्राझील, अर्जेंटिना आणि अमेरिका येथील पीकपाण्याची विचारपूस त्यामुळेच होते. ऑगस्ट २०२१ मध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन ढेप आयात करण्यास परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला वायदेबाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबविले. वायदेबाजार म्हणजे सट्टा की भावाचा आगाऊ अंदाज देणारे साधन, यावर तेव्हापासून एकमत झालेले नाही. बियाण्याचा प्रश्नही असाच धुमसत आहे: जनुकीय बदलाने बोंडअळीला प्रतिकारक बनविलेल्या बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली, तर तणनाशक-सहनशील वाणाला मान्यता नसतानाही जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी त्याची जाहीर पेरणी केली.

भाताच्या आणि जंगलाच्या पूर्व विदर्भात, म्हणजे झाडीपट्टीत, चर्चेचा रोख निराळा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने ग्रामसभेखेरीज ‘अभ्यास गट’ चालविले. ग्रामसभा निर्णय घेते, तोही सर्वसहमतीने. अभ्यास गट निर्णय घेत नाही, तो केवळ विषय समजून घेतो, आणि त्यासाठी बाहेरच्या जाणकारांना बोलावण्यास त्याला संकोच वाटत नाही. गावाचे नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने विकसित झालेल्या या पद्धतीतून वनहक्क कायद्याचा (२००६) बारकाईने अभ्यास झाला, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाने स्वतःच्या परवान्याने बांबू विकला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सर्वत्र पोहोचली; तिच्यामागील अनेक वर्षांचे बोलणे फारसे पोहोचले नाही. बोलणे आणि ठरविणे ही कामे वेगळी ठेवणे हे मेंढ्याचे वैशिष्ट्य आहे, आणि वऱ्हाडातील पाराला नेमके तेच जमलेले नाही, कारण तेथे बोलणे भरपूर असले तरी त्यातून सामूहिक कृती क्वचितच उभी राहते.

पार सर्वांचा असतो असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. तेथे बोलणारे बहुतांशी जमीनधारक पुरुष असतात. मजुरीचा दर वाढला की कास्तकाराच्या हिशेबात तो खर्च म्हणून येतो, मजुराच्या मिळकतीची बाजू मांडायला मजूर तेथे बसलेला नसतो. वेचणीचे काम जवळजवळ पूर्णतः स्त्रिया करतात, तरी कापसाच्या भावावरील बैठकीत त्या नसतात. व्याज, हप्ते आणि सूक्ष्म वित्तपुरवठ्याच्या कर्जाची वसुली यांवरील त्यांची चर्चा बचत गटांच्या बैठकीत होते आणि आकड्यांच्या बाबतीत ती अनेकदा अधिक नेमकी असते. बौद्ध वस्त्यांतील विहारांत आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, वर्षावासात, ग्रंथवाचन चालते. त्यानंतर राज्यघटना, आरक्षण आणि जमिनीची मालकी यांवर जे बोलले जाते ते पारावरच्या चर्चेला समांतर, परंतु तिच्यापासून बरेचसे अलिप्त राहिलेले आहे.

वर्षातून दोनदा ही चर्चा विधीचे रूप घेते. श्रावण अमावास्येला पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांत हमीभाव, कर्जमाफी आणि पुढारी यांची पद्यात खिल्ली उडविली जाते. अक्षय तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे होणाऱ्या घटमांडणीत धान्यांच्या मांडणीवरून पाऊस, पीक, देशाची आर्थिक स्थिती आणि राजाची गादी यांविषयी भाकिते सांगितली जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही, परंतु पाऊसपाणी आणि अर्थव्यवस्था एकाच दमात मांडण्याची ही रीत चर्चेला आठवडाभराचे खाद्य पुरविते.

बातमीची साधने बदलली तशी चर्चेची वेळही बदलली. लघुलहरींवरील बीबीसीची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी थांबली. ती संध्याकाळी ऐकून बैठकीला येणारा श्रोता हा तेथील अर्धा अधिकारी पुरुष मानला जात असे. आता अकोला आणि हिंगणघाट बाजार समित्यांचे भाव दुपारपर्यंत सर्वांच्या मोबाइलवर येतात, म्हणून वाद भाव किती यावर होत नाही, तो टिकेल का आणि माल घरात ठेवायचा की विकायचा यावर होतो. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाला माल विकण्यासाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी आवश्यक झाली. बारा टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस केंद्रावर नाकारला जातो आणि परतीच्या पावसाने भिजलेला कापूस त्या मर्यादेत बसविणे कठीण असते, त्यामुळे पारावर जगाच्या भावापेक्षा अधिक वेळ या दोन अटींनाच द्यावा लागला.