सॉकर 'बाहेरचा' कधी झाला? न्यू जर्सीतनं बघितलेली दीडशे वर्षं

२०२६ च्या वर्ल्ड कपची फायनल फिफाने न्यू जर्सीला, ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियमला दिली, तेव्हापासून एक वाक्य मी सारखं ऐकतोय. ऑफिसात ऐकतो, शनिवारी पोराच्या मॅचला फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलेल्या इतर बापांकडून ऐकतो आणि टीव्हीवर तर ऐकतोच, की सॉकर आमचा गेमच नाही, हे बाहेरून आणून आमच्या गळ्यात मारलंय. मला ह्या वाक्याचा खरंच राग येतो, कारण त्या स्टेडियमपासून गाडीने पाव तासावर कर्नी नावाचं गाव आहे आणि तिथे हा खेळ १८८० च्या दशकापासून चालू आहे. एवढा जुना खेळ परका कसा ठरला हे कुणी विचारतच नाही, म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

आधी नावाचं बघू, कारण टिंगल तिथनंच सुरू होते. 'सॉकर' हा शब्द अमेरिकन लोकांनी काढला असं आपल्याकडेही बरेच जण समजतात, रात्री जागून प्रीमियर लीग बघणारी मुंबईची पोरं तर 'सॉकर म्हणू नको रे' म्हणून अंगावर येतात. पण शब्द इंग्लंडचाच आहे. असोसिएशन फुटबॉल ह्या नावातल्या 'असोसिएशन'चा मधला तुकडा उचलायचा आणि शेवटी 'अर' लावायचा, ही ऑक्सफर्डच्या पोरांची १८८० च्या दशकातली बोलायची पद्धत, रग्बीचं जसं 'रगर' तसं ह्याचं 'सॉकर'. इंग्लंडच्या पेपरांत हा शब्द १९७० च्या दशकापर्यंत सर्रास यायचा. अमेरिकेत तो टिकला कारण 'फुटबॉल' हे नाव दुसऱ्याच खेळाने घेऊन टाकलं होतं.

ते कसं घेतलं हे बघायला एडिसनच्या शेजारी न्यू ब्रन्सविकला जावं लागतं. ६ नोव्हेंबर १८६९ ला तिथे रटगर्स आणि प्रिन्स्टन ह्या कॉलेजांची मॅच झाली, एकेका बाजूला पंचवीस जण, रटगर्स ६-४ ने जिंकलं. अमेरिकन फुटबॉलवाले हीच आपली पहिली मॅच मानतात, पण नियम बघितले तर चेंडू उचलून पळायला बंदी, फेकायला बंदी, पायाने ढकलत न्यायचा नाहीतर हाताने-डोक्याने टोलवायचा, म्हणजे आजच्या अमेरिकन फुटबॉलपेक्षा सॉकरच्याच जवळचा खेळ. १८७३ मध्ये येल, प्रिन्स्टन, कोलंबिया आणि रटगर्स अशी चार कॉलेजं एकत्र बसली आणि ह्याच धाटणीचे नियम ठरवले, हार्वर्ड मात्र आलं नाही, त्यांना चेंडू हातात धरून पळायचं होतं. मग १८७४ ला हार्वर्ड कॅनडाच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीबरोबर रग्बीच्या नियमांनी खेळलं आणि तो खेळ त्यांना इतका आवडला की पाठोपाठ येल तिकडे सरकलं आणि १८७६ मध्ये बाकीच्या बड्या कॉलेजांनीही रग्बीचेच नियम धरले. पण रग्बीसुद्धा इंग्लंडचीच ना! दोन्ही खेळ बोटीनेच आले, एक श्रीमंतांच्या पोरांनी कॉलेजात उचलला आणि दुसरा गिरणीत राबणाऱ्यांकडे राहिला, आणि पुढे पहिला 'आपला' झाला नि दुसरा 'त्यांचा'.

गिरणीतल्या लोकांची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. स्कॉटलंडच्या पेझलीच्या क्लार्क घराण्याने न्यूअर्क-कर्नीच्या बाजूला शिलाईच्या दोऱ्याची मोठी गिरणी काढली आणि कामाला स्कॉटिश माणसं आली. ती येताना फुटबॉल घेऊन आली. त्यांच्या टीमचं नाव ओएनटी, म्हणजे कंपनीच्या दोऱ्याच्या रिळावर छापलेली तीच तीन अक्षरं, 'अवर न्यू थ्रेड'. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या कबड्डीच्या टीम ज्यांनी ऐकल्यात-बघितल्यात त्यांना हे वेगळं समजवायला नको, दिवसभर मशीनवर उभं राहायचं आणि संध्याकाळी त्याच मिलच्या नावाने मैदानात उतरायचं. १८८४ मध्ये न्यूअर्कला अमेरिकन फुटबॉल असोसिएशन निघाली (नावात फुटबॉल, पण सॉकरचीच), तिचा कप ह्या दोऱ्यावाल्यांनी १८८५ पासून लागोपाठ तीन वर्षं मारला. त्याच १८८५ च्या नोव्हेंबरात त्यांच्याच मैदानावर अमेरिका विरुद्ध कॅनडा मॅच झाली. अधिकृत नव्हती, कॅनडा १-० ने जिंकलं, पण ब्रिटनच्या बाहेर दोन देशांच्या टीम एकमेकांशी खेळल्या त्यात ही पहिली धरतात. आणि ती झाली कर्नीच्या गिरणीशेजारी!

पुढे असंच मॅसॅच्युसेट्सच्या फॉल रिव्हरच्या कापड गिरण्यांत झालं, पेनसिल्व्हेनियात बेथलहेम स्टीलच्या कारखान्यात झालं, सेंट लुईसला आयरिश कॅथलिक चर्चच्या पोरांनी तो धरून ठेवला. १९२१ ला अमेरिकन सॉकर लीग चालू झाली आणि तिच्यात पगार इतका चांगला की स्कॉटलंडचे खेळाडू तिकडची काँट्रॅक्टं सोडून इकडे यायला लागले. आर्ची स्टार्कने १९२४-२५ च्या एका सीझनमध्ये बेथलहेमकडून ६७ गोल मारले. १९२६ च्या मे महिन्यात व्हिएन्नाची हकोआ ही ज्यू टीम न्यूयॉर्कला आली तेव्हा पोलो ग्राउंड्सवर ४६,००० लोक होते. म्हणजे अमेरिकेत हा खेळ कधी कुणी बघायचंच नाही हे साफ खोटं आहे.

मग घात कुठे झाला? एक तर आपसात भांडून. १९२८ मध्ये राष्ट्रीय फेडरेशन म्हणालं नॅशनल कपमध्ये खेळा, लीग म्हणाली आमच्या सीझनच्या मधे नाही खेळणार, ज्या क्लबांनी लीगचं ऐकलं नाही त्यांच्यासाठी फेडरेशनने दुसरी लीग उभी केली, एकाच गावचे प्रेक्षक दोन्हीकडे फाटले. हे मिटतं न मिटतं तोच ऑक्टोबर १९२९ ला शेअर बाजार कोसळला. गिरण्या बंद पडायला लागल्या आणि ज्या टीम गिरण्यांच्या जिवावर होत्या त्यांचं काय होणार, १९३३ पर्यंत ती लीग संपली. त्याआधी १९२४ च्या कायद्याने स्थलांतरावर कोटा लावला होता, म्हणजे नवीन प्रेक्षक आणि नवीन खेळाडू येण्याची वाटच अरुंद झाली. बेसबॉल आणि कॉलेज फुटबॉल रेडिओवरनं घराघरात शिरत होते त्याच काळात सॉकर वस्ती-वस्तीत विखरून गेला, जर्मनांचा क्लब वेगळा, इटालियनांचा वेगळा, पोर्तुगीजांचा वेगळा. 'परका' हा शिक्का मला वाटतं ह्या काळात पक्का बसला.

आणि गंमत बघा, ह्याच पडत्या काळाच्या तोंडावर १९३० च्या पहिल्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिका सेमीफायनलला गेली. वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक फॉल रिव्हरच्या बर्ट पेटनॉडची, फिफाने ती मान्य केली थेट २००६ मध्ये. त्या टीमवरही आरोप झाले की हे तर सगळे ब्रिटिश, पण सोळातले सहा जणच ब्रिटनमध्ये जन्मलेले. वीस वर्षांनी, २९ जून १९५० ला, ब्राझीलच्या बेलो होरिझोंतेला अमेरिकेने इंग्लंडला १-० ने हरवलं. गोली फ्रँक बोर्गी एरवी मयताची गाडी चालवायचा, हॅरी कीओ पोस्टमन, वॉल्टर बार शाळेत मास्तर. गोल मारणारा जो गेजेन्स हैतीचा, न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत अकाउंटिंग शिकत होता आणि पोटासाठी हॉटेलात भांडी घासत होता. मॅचला अमेरिकेचा एकच पत्रकार हजर, सेंट लुईसचा डेंट मॅकस्किमिंग, तोसुद्धा सुट्टी काढून स्वतःच्या पैशाने गेलेला. एवढा मोठा विजय आणि सांगायला माणूस नाही! गेजेन्स नंतर हैतीला परत गेला, १९६४ मध्ये तिथला हुकूमशहा डुवालियर ह्याच्या माणसांनी त्याला उचलला आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही. ह्या माणसाचं नाव अमेरिकेतल्या किती शाळकरी पोरांना माहीत असेल ह्याचा विचार केला की वाईट वाटतं.

त्यानंतर चाळीस वर्षं वर्ल्ड कपच नाही, थेट नोव्हेंबर १९८९ ला त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पॉल कॅलिजुरीने गोल मारला तेव्हा १९९० चं तिकीट मिळालं. पण मधल्या काळात पैसेवाले आले. १९६६ ची फायनल अमेरिकेत टीव्हीवर दाखवली, ती बघून १९६७ मध्ये एकदम दोन लीग निघाल्या. सॉकरमध्ये जाहिरातीला जागाच नाही, पंचेचाळीस मिनिटं खेळ थांबत नाही, टीव्हीवाल्यांची खरी अडचण ती. म्हणून जाहिरातीची वेळ झाली की खूण करायला रेफ्रीच्या अंगावर बीपर लावला, आणि एका रेफ्रीने नंतर कबूल केलं की मॅचमध्ये दिलेल्या २१ फ्री किकपैकी ११ जाहिरातींसाठी वेळ काढायला दिल्या होत्या. खेळाची ही जी चेष्टा झाली ती खेळाच्या दोषामुळे नाही झाली, तो विकायला निघालेल्यांना तो कळला नव्हता म्हणून झाली.

दोन्ही लीग मिळून एनएएसएल, म्हणजे नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग झाली आणि १९७५ ला न्यूयॉर्क कॉसमॉसने पेलेला आणलं. पहिली मॅच रँडल्स आयलंडच्या डाउनिंग स्टेडियमवर, मैदान इतकं उघडंबोडकं की टीव्हीवर बरं दिसावं म्हणून मातीला हिरवा रंग मारला होता, मॅचनंतर पाय हिरवे बघून पेलेला वाटलं काहीतरी बुरशी लागली. तिथनं दोन वर्षांत, १४ ऑगस्ट १९७७ ला, जायंट्स स्टेडियमवर ७७,६९१ लोक! आज मेटलाइफ उभं आहे त्याच आवारात हे जुनं स्टेडियम होतं. त्याच सप्टेंबरात कॉसमॉस कलकत्त्याला आली आणि ईडन गार्डन्सवर मोहन बागानने त्यांना २-२ असं रोखलं, आपल्याकडच्या जुन्या लोकांना कॉसमॉस हे नाव माहीत आहे ते त्यामुळेच. पण कॉसमॉसच्या नादाला लागून बाकीच्या मालकांनी झेपत नसताना स्टार विकत घेतले, टीम २४ पर्यंत वाढवल्या आणि १९८४ चा सीझन शेवटचा ठरला. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं, बघा, म्हणालो नव्हतो!

ह्या टीकाकारांचं म्हणणं नीट ऐकलं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, गोल कमी होतात, मॅच ड्रॉ होते, खेळाडू पडून नाटकं करतात. हे आवडी-निवडीचं आहे, त्यावर माझं भांडण नाही, फक्त एवढंच की २०१० मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने मोजलं तर एनएफएल ह्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या तीन तासांच्या मॅचमध्ये चेंडू खरा खेळात असतो जेमतेम ११ मिनिटं. दुसरं म्हणणं देशाबद्दलचं आहे आणि ते जास्त झोंबतं. १९८६ मध्ये वर्ल्ड कप अमेरिकेत आणायच्या ठरावावर खासदार जॅक केम्प, जो स्वतः बफेलो बिल्स ह्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक होता, सभागृहात उभा राहून म्हणाला की फुटबॉल (म्हणजे त्यांचा अमेरिकन) लोकशाहीवादी आणि भांडवलशाहीवादी आहे, सॉकर हा युरोपियन समाजवादी खेळ. २०१४ च्या वर्ल्ड कपच्या वेळी अ‍ॅन कोल्टर ह्या कॉलमलेखिकेने लिहिलं की सॉकरमधला वाढता इंटरेस्ट हे देशाच्या नैतिक ऱ्हासाचं लक्षण आहे, आणि ज्याचा पणजोबा इथे जन्मला असा एकही अमेरिकन सॉकर बघत नाही. म्हणजे तक्रार खेळाबद्दल नाहीच, खेळ बघायला कोण आलंय त्याबद्दल आहे.

पण मधल्या काळात खाली पाया घातला जात होता तो त्यांना दिसला नाही. १९६४ ला कॅलिफोर्नियात टोरन्सला एवायएसओ ही पोरांच्या सॉकरची संस्था सुरू झाली, नियम साधा, प्रत्येक पोराला खेळवायचंच. १९७२ ला टायटल नाइन कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजांना मुलींना समान संधी देणं भाग पडलं, आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये मुलांच्या ढीगभर जागा असल्यामुळे त्या भरून काढायला मुलींचा जास्त खेळाडूंचा खेळ हवा होता, तिथे सॉकर बरोबर बसला. ह्या एका कायद्याने जे केलं ते पेलेलाही जमलं नाही. १९९१ चा पहिला महिला वर्ल्ड कप अमेरिकेचा, १९९९ ची फायनल रोझ बोलवर ९०,१८५ लोकांसमोर, ब्रँडी चॅस्टेनची शेवटची पेनल्टी, मग २०१५, २०१९. ह्याच बायकांनी पुढे पुरुषांइतक्या पैशासाठी स्वतःच्या फेडरेशनवर केस केली आणि २०२२ मध्ये २.४ कोटी डॉलरची तडजोड मिळवली.

१९९४ चा पुरुषांचा वर्ल्ड कप इथे झाला त्याला ३५ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. त्या टीममध्ये टोनी मिओला, जॉन हार्क्स आणि टॅब रामोस हे तिघंही कर्नीच्या आसपास एकत्र खेळत वाढलेले, स्कॉटिश गिरणीवाल्यांनी लावलेलं झाड शंभर वर्षांनी असं फळाला आलं. १९९६ ला एमएलएस, म्हणजे मेजर लीग सॉकर सुरू झाली, दहा टीम, अमेरिकन लोकांना ड्रॉ आवडत नाही म्हणून शूटआउट आणि उलटं चालणारं घड्याळ, दोन्ही १९९९ नंतर काढून टाकलं. २००२ च्या सुरुवातीला फ्लोरिडाच्या दोन टीम बंद केल्या, एका वेळी तर दहापैकी सहा टीम फिलिप अँशुट्झ ह्या एकट्याच्या मालकीच्या होत्या, लीग अक्षरशः दोरीवर चालत होती. २००७ ला बेकहॅम आला, २०२३ ला मेस्सी, २०२५ मध्ये टीम ३० झाल्या. तरी फुगवून सांगायचं नाही, गॅलपच्या २०१७ च्या पाहणीत आवडता खेळ सॉकर म्हणणारे ७ टक्के, बेसबॉल ९ टक्के, आणि अमेरिकन फुटबॉल ३७, तो अजून खूपच पुढे आहे.

माझ्या पोराच्या टीममध्ये एक घानाचा, दोन कोलंबियन, एक कोरियन, आमचे दोघं देशी आणि बाकीची इथली गोरी पोरं आहेत. हाफटाइमला संत्र्याच्या फोडी वाटल्या जातात, सगळ्यांचे शिनगार्ड चिखलाने भरलेले असतात. खुर्ची टाकून बसलो की मला कोल्टरबाईंचं पणजोबावालं वाक्य आठवतं. १८८५ मध्ये दोऱ्याच्या गिरणीतनं सुटून कर्नीच्या मैदानावर जी माणसं पळत होती, ती आज इथल्या कुणाकुणाचे नुसते पणजोबा नाहीत, खापरपणजोबा आहेत.