किंमत क्रांती, स्पेनमधील

किंमत क्रांती, स्पेनमधील : सोळाव्या शतकात स्पेनमध्ये व पाठोपाठ पश्चिम युरोपात वस्तूंचे भाव दीर्घकाळ चढत राहिले, त्या घटनेस लावली जाणारी संज्ञा. तिचा कालखंड साधारणपणे १५०० ते १६५० च्या आगेमागे असा धरतात. स्पेनमधील भाव सोळाव्या शतकात सुमारे चौपट झाले. वर्षाला दीड टक्क्याच्या आतबाहेरचा हा वेग आज किरकोळ वाटेल. ठरीव उत्पन्नावर जगणाऱ्यांना तो असह्य होता.

स्पेनच्या ताब्यातील दक्षिण अमेरिकेत, पोतोसीच्या (आजच्या बोलिव्हियातील) डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. हलक्या प्रतीच्या धातुकातून पाऱ्याच्या साहाय्याने चांदी काढण्याची रीत बार्तोलोमे दे मेदिना याने १५५४ च्या सुमारास मेक्सिकोत रूढ केली. १५७० नंतर ती पोतोसीत आली. खाणींतील उत्पन्नाचा पाचवा हिस्सा राजाचा असे. अमेरिकेतून येणाऱ्या चांदीच्या आवकेची नोंद स्पेनमधील सेव्हिलच्या सरकारी व्यापारगृहात (स्थापना १५०३) होई. मार्च १५९५ मध्ये आलेल्या जहाजांवरून चांदी, सोने व मोत्यांच्या ३३२ गाड्या तेथे नेल्याचे समकालीन टिपण आहे.

भाववाढीच्या कारणाविषयी मतभेद आहेत. नाण्याची विपुलता हेच कारण, असे स्पॅनिश धर्मशास्त्रज्ञ मार्तीन दे आस्पिल्क्वेता याने १५५६ मध्ये व फ्रेंच विचारवंत झां बोदँ याने १५६८ मध्ये मांडले. अमेरिकन अर्थेतिहासकार अर्ल हॅमिल्टन यांनी रुग्णालयांच्या खरेदीवह्यांतील भाव आणि चांदीची नोंदलेली आवक यांची सांगड घालून १९३४ मध्ये या मतास पुष्टी दिली. मात्र भाववाढीचा वेग शतकाच्या पूर्वार्धातच, म्हणजे चांदीचा मोठा ओघ सुरू होण्यापूर्वी, अधिक होता हे स्पॅनिश इतिहासकार नादाल यांनी १९५९ मध्ये दाखवले. वाढती लोकसंख्या व मध्य युरोपातील खाणींची चांदी ही आरंभाची कारणे असावीत आणि अमेरिकी चांदीने ती वाढ टिकवली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नोंद चुकवून आलेल्या चांदीमुळे हॅमिल्टन यांचे आकडे, विशेषतः सतराव्या शतकाचे, जपूनच वापरावे लागतात.

समाजावर परिणाम दूरगामी झाले. ठरीव खंड घेणारे जमीनमालक अडचणीत आले, मजुरी भावांच्या मागे राहिली. स्पेनचा माल महागल्याने परदेशी कापडाचे फावले. युद्धखर्चापायी स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५५७, १५७५ व १५९६ मध्ये देणी थांबवली. सरकारी रोख्यांच्या व्याजावर जगण्याची वृत्ती शेती व उद्योगाचा घात करते, असे स्पॅनिश लेखक गोन्सालेझ दे सेल्योरिगो याने १६०० मध्ये बजावले.

यातील बरीच चांदी मिरी व कापडाच्या मोबदल्यात भारतात आली. सुरतेच्या मोगल टाकसाळीत रिआल (स्पेनची चांदीची नाणी) वितळवून रुपये पाडले जात.