दगडी बाणाग्र, तांब्याचे टोक : नवशिक्याच्या अवजारांमागचा इतिहास

दगडी बाणाग्र घडवायला शिकणाऱ्याच्या पुढ्यात आज बहुतेक ठिकाणी तेच सामान येते. लाकडी मुठीत ठोकून बसवलेला तांब्याच्या जाड तारेचा तुकडा, तळहातावर आणि मांडीवर घ्यायला चामडे, कडा घासायला खरबरीत दगड आणि पहिल्या प्रयत्नांसाठी बाटलीचे बूड. हा संच अश्मयुगातून जसाच्या तसा आपल्यापर्यंत आलेला नाही. गेल्या साठेक वर्षांत, मुख्यतः अमेरिकेत, तो हळूहळू ठरत गेला. त्यातल्या तांब्यावर तर आजही एकमत नाही.

फार मागचे थोडक्यात. टोकाने दाब देऊन बारीक छिलके काढण्याची पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सापडलेल्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या टोकांवर ओळखली गेली आहे. तिथल्या कारागिरांनी सिलक्रीट हा दगड आधी तापवून घेतला होता, हेही त्या टोकांवरून दिसले. युरोपातली पानासारखी पातळ टोके आणि डेन्मार्कचे चकमकीचे खंजीर त्यानंतर कितीतरी काळाने आले. नवशिक्याने यातून एवढेच लक्षात ठेवावे, की आपण ज्यांना सरसकट बाणाग्रे म्हणतो त्यांतली पुष्कळशी बाणाची नव्हेतच. उत्तर अमेरिकेच्या बहुतेक भागांत धनुष्यबाण रुळला तो इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात. त्याआधीची टोके, अगदी १३ हजार वर्षांपूर्वीच्या क्लोव्हिस टोकांपासूनची, भाल्याची, फेकभाल्याची किंवा सुरीची आहेत. खरे बाणाग्र लहान आणि हलके असते. बरेचदा ते एकाच पातळ छिलक्यावर, जवळजवळ फक्त दाबाच्या कामाने तयार होते. शिकण्याची सुरुवात त्याच्यापासून करायची ती म्हणूनच. हातभर लांबीच्या भालाग्राच्या मागे लागून नवशिके चांगला दगड वाया घालवतात.

ही विद्या पूर्ण मेली आणि विसाव्या शतकात कुणीतरी ती पुन्हा शोधली, असे सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धसत्य आहे. इंग्लंडमधल्या ब्रँडन गावात बंदुकीच्या चापासाठी चकमकीचे चौकोनी तुकडे पाडणारे कारागीर विसाव्या शतकातही काम करत होते. गुजरातेत खंभातला अकीकाचे मणी घडवणाऱ्यांची परंपरा तर आजही चालू आहे. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किंबर्ली भागातले मूळनिवासी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाटल्यांच्या काचेतून आणि तारायंत्राच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या चिमण्यांमधून दातेरी भालाग्रे काढत होते. काचेवर शिकणे म्हणजे नकली काम, असे मानणाऱ्यांनी किंबर्लीची ती टोके एकदा पाहावीत.

नव्या काळात दगड घडवणाऱ्यांची पहिली प्रसिद्धी मात्र बनवेगिरीमुळे झाली. १८६० च्या आसपास मानवाच्या प्राचीनतेचा वाद पेटला आणि संग्राहक दगडी हत्यारांना पैसे मोजू लागले. मागणी आली तसा माल आला. 'फ्लिंट जॅक' या टोपणनावाने ओळखला जाणारा एक इंग्लिश भटक्या स्वतः घडवलेली बाणाग्रे जुनी म्हणून विकत असे. १८६२ साली लंडनमधल्या विद्वानांच्या सभेत त्याने आपली कला सर्वांसमोर करून दाखवली. फ्रान्समध्ये आबव्हीलजवळच्या एका खाणीत मजुरांनी हातकुऱ्हाडी पेरल्याचे प्रकरण १८६३ चे. तेव्हापासून या कलेला चिकटलेला संशय अजून सुटलेला नाही. आजच्या वादांमध्ये जी धार आहे तिचे मूळ पुष्कळसे इथे आहे.

दुसरा टप्पा कॅलिफोर्नियाचा. ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ 'याही' नावाच्या मूळनिवासी समाजातला एक माणूस, इशी, एकटाच बाहेर आला. त्याचे लोक वसाहतवाल्यांच्या हत्याकांडांत आणि उपासमारीत संपले होते. पुढची साडेचार वर्षे, मार्च १९१६ मध्ये क्षयाने मृत्यू येईपर्यंत, तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका संग्रहालयात राहिला आणि येणाऱ्या लोकांसमोर बाणाग्रे घडवून दाखवत राहिला. ऑब्सिडियन या ज्वालामुखीतून निघणाऱ्या नैसर्गिक काचेची, तशीच बाटलीच्या काचेचीही. त्याच्या हातांच्या हालचालींचे लेखी वर्णन १९१६ मध्ये छापले गेले. आजच्या पुष्कळ नवशिक्यांना शिकवली जाणारी पकड, म्हणजे लांब दांड्याचे अवजार कोपराखाली दाबून धरायचे आणि जोर नुसत्या मनगटाचा न लावता अंगाचा लावायचा, त्या वर्णनातून आणि छायाचित्रांतून पसरली. दुकानांत मिळणाऱ्या 'इशी स्टिक'चे नावही त्याच्यावरूनच पडले. एका समाजाच्या विनाशातून वाचलेल्या माणसाकडून हे ज्ञान आपल्याला मिळाले. छंद म्हणून त्याकडे वळताना हे माहीत असले पाहिजे.

खरा जोर आला तो १९६० नंतर. १९६४ साली फ्रान्समधल्या ले-झेझी गावी अटलांटिकच्या दोन्ही बाजूंचे दगड घडवणारे अभ्यासक पहिल्यांदा समोरासमोर बसले आणि एकमेकांचे हात पाहू लागले. अमेरिकेकडून तिथे गेलेला आयडाहोचा गृहस्थ पुरातत्त्वाचा पदवीधर नव्हता. मुलगा असल्यापासून तो आपल्या आपण दगड फोडत आला होता. त्याच वर्षी त्याने दगड तापवून घेण्याविषयीचे निष्कर्ष सहलेखकासोबत प्रसिद्ध केले. १९६६ मध्ये फॉल्सम या प्राचीन अमेरिकी भालाटोकांची मधली लांब खाच कशी काढली असेल याचे प्रयोग आले, १९७२ मध्ये दगडकामाची परिभाषा एकत्र बांधणारे मार्गदर्शक पुस्तक. छातीने दाबायच्या कुबडीवर ऑब्सिडियनची लांब पाती सोलून काढण्याचे त्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. १९७० च्या दशकात स्वतःवरच्या शस्त्रक्रियेतही शल्यविशारदाने ऑब्सिडियनची पाती वापरावीत अशी व्यवस्था त्याने केली होती. त्याच्या उन्हाळी वर्गांतून शिकलेले पुढे विद्यापीठांत गेले. पुरातत्त्वात प्रत्यक्ष करून पाहण्याला जी प्रतिष्ठा मिळाली तिच्यात या वर्गांचा वाटा मोठा आहे.

पण हा छंद विद्यापीठांत मावला नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस छंदिकांची पत्रके निघाली. मग 'नॅप-इन' नावाचे मेळावे सुरू झाले. मिसुरी, ओहायो, टेक्सास इथे शेतकरी, गवंडी, निवृत्त लोक शनिवार-रविवारी ताडपत्री टाकून बसू लागले. आजच्या नवशिक्याची अवजारपेटी विद्वानांनी फार थोडी घडवली आणि या मेळाव्यांनी जास्त. तांबे तिच्यात पक्के बसले ते इथेच.

हरणाचे शिंग मिळवावे लागते, कापावे लागते, दर थोड्या वेळाने त्याचे टोक घासावे लागते, आणि प्रत्येक शिंग निराळे असते. विजेची जाड तांब्याची तार मात्र कुठल्याही दुकानात मिळते आणि सगळीकडे सारखी असते. नळकामातली तांब्याची टोपी शिसे भरून दांड्यावर बसवली की हातोडीही तयार. तांब्याचे टोक अगदी छोट्या जागी जोर देते, त्यामुळे कमी ताकदीत छिलका सुटतो. मेळाव्यात आलेल्या माणसाला एका दुपारी काहीतरी घडवून घरी न्यायचे असेल, तर शिकवणाऱ्याने तांबे पुढे करणे साहजिकच होते.

विरोध दोन बाजूंनी झाला. शिंग, हाड, लाकूड आणि दगडी हातोडा एवढ्यांवरच काम करणारा एक गट उभा राहिला. तांब्याने घडवलेल्या टोकाला अश्मयुगीन पद्धतीचे म्हणू नये, असे त्याचे म्हणणे. दुसरा आक्षेप शिक्षकांचा होता आणि तो जास्त वजनाचा आहे. तांबे कच्ची तयारी खपवून घेते. छिलका काढण्याआधी कडेवर आघाताची जागा नीट घासून, योग्य उंचीवर आणून ठेवावी लागते. शिंगाने काम करणाऱ्याने यात आळस केला तर टोक घसरते आणि चूक लगेच हाताला कळते. तांब्याने तीच चूक पुष्कळदा निभावून जाते. त्यामुळे तांब्यावर वर्षभर शिकलेला माणूस शिंग हाती घेतो तेव्हा त्याला जवळजवळ पुन्हा शिकावे लागते.

शिक्षणाचा हा मुद्दा मला मान्य आहे. शुद्धतेचा नाही, कारण इतिहास त्याच्या बाजूने उभा राहत नाही. शुद्धतावादी ज्याला आदर्श मानतात त्या इशीने संग्रहालयात लोखंडी टोकाचे अवजार वापरले. ब्रँडनचे कारागीर पोलादी हातोड्यांनी काम करत. खंभातला जमिनीत तिरक्या रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर मणी टेकवतात आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ठोकतात. आणि सर्वांत बोलका पुरावा बलुचिस्तानातल्या नौशारोचा. तिथे इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमाराच्या, सिंधू संस्कृतीतल्या एका कुंभाराच्या कार्यशाळेत चकमकीची पाती मिळाली. भांडी तासण्यासाठी वापरलेल्या या पात्यांच्या अभ्यासातून ती तांब्याच्या टोकाने काढल्याचे दाखवले गेले आहे. धातू आला आणि दगडकाम थांबले असे झालेच नाही. दगडकाम करणाऱ्यांनीच धातू उचलला आणि आणखी सरळ, आणखी लांब पाती काढली.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच ठोस आहे. १९९१ मध्ये आल्प्समधल्या हिमनदीत सापडलेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस जवळजवळ शुद्ध तांब्याची कुऱ्हाड घेऊन चालला होता. तरी चकमकीच्या कडा पुन्हा धारदार करायला त्याच्याकडे होती ती लिंडनच्या लाकडात बसवलेली शिंगाची खुंटी. तांबे परिचयाचे होते, हाताशी होते, आणि तरीही बारीक दाबकामाला त्याने शिंगच निवडले. म्हणजे तांबे चालते की नाही हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या काळातल्या, कुठल्या लोकांच्या कामाची नक्कल आपण करतो आहोत हे आधी सांगावे लागते. प्रयोगातून काढलेल्या छिलक्यांची उत्खननातल्या छिलक्यांशी तुलना करायची असेल, तर अवजार जुळलेच पाहिजे, कारण छिलक्याच्या मुळाशी उमटणारी खूण अवजारानुसार बदलते. तिथे सवलत नाही. अंगणात बसून हात बसवणाऱ्याला मात्र ती सवलत द्यायला हवी.

महाराष्ट्रात शिकू इच्छिणाऱ्यांसाठी या वादाला एक वेगळेच वळण आहे. अमेरिकेत रानात गळून पडलेले शिंग उचलणे पुष्कळ ठिकाणी सहज चालते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ-सांबराची गळालेली शिंगेही उचलून घरी ठेवता येत नाहीत. परदेशी चित्रफीत पाहून कुणी जंगलात शिंगे शोधायला निघाला, तर तो गुन्हा ठरेल. तेव्हा इथे तांबे आणि खंभातच्या वळणाचे म्हशीचे शिंग हे दोनच सरळ मार्ग उरतात. दुसरा मार्ग आपल्या शेजारी इतकी शतके चालत आलेला असताना त्याच्याकडे इतके कमी लक्ष गेले, हे मला खटकते.

दगडाचा प्रश्नही तसाच आहे. खरी चकमक महाराष्ट्रात मिळत नाही, पण दख्खनच्या बसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले कॅल्सेडोनी, अकीक आणि जास्पर नद्यांच्या पात्रांत मिळतात. जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याची सूक्ष्मास्त्रे असोत, घोड नदीकाठच्या इनामगावची ताम्रपाषाणयुगीन पाती असोत, इथल्या कारागिरांनी याच जातीच्या दगडावर काम केले. इनामगावसारख्या वस्त्यांमधून गाभ्यावर, म्हणजे ज्यातून पाती सोलायची त्या दगडावर, आधी उभा कंगोरा काढून मग त्याच्या आधाराने समांतर पाती सोलण्याची पद्धत दिसते. तिथला कारागीर गोटे लहान असल्याची अडचण याच पद्धतीने सोडवत होता. आजच्या नवशिक्याला बसणारा पहिला धक्का तोच असतो. गोटा मुठीएवढा, वर जाड साल, आत पोकळी किंवा स्फटिक. कच्चा दगड हट्टी असेल तर खंभातचे कारागीर करतात तसा तो हळूहळू तापवावा आणि हळूहळूच निवू द्यावा. अमेरिकेतले छंदिक दगडाच्या जातीप्रमाणे साधारण २०० ते ३५० अंश सेल्सियसपर्यंत जातात. घाई केली की गोटा भट्टीतच तडकतो.

खंभातकडून घ्यायचा दुसरा धडा कष्टाचा आहे. तिथल्या अकीक कामगारांमध्ये सिलिकोसिसचे, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे, प्रमाण मोठे आहे आणि ब्रँडनचे कारागीरही त्याच धुळीने गेले. मेळाव्यांच्या सुरुवातीच्या काळात लोक बंद गॅरेजात बसून काम करत. उघड्यावर बसणे, मास्क आणि चष्मा लावणे, कचरा कोरडा न झाडता ओला करून उचलणे हे नियम नंतर आले. शिसे भरलेल्या हातोड्याही आता पुष्कळजण टाळतात.

फ्लिंट जॅकच्या काळातला संशय पुन्हा वर आला तो विक्री इंटरनेटवर गेल्यावर. आधुनिक टोके कुशल हातांची असतात, जुन्या दगडाचीच असतात, आणि एक-दोन विक्रींनंतर ती कुणी, कधी घडवली हे पुसले जाते. अमेरिकेत १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याने सरकारी जमिनीवरून पुराणवस्तू उचलण्यावर शिक्षा ठेवली, पण जमिनीच्या पृष्ठभागावर पडलेली बाणाग्रे त्या शिक्षेतून वगळली. गोळा करणारे, विकणारे आणि नव्याने घडवणारे यांच्यातली सीमा त्याने आणखी धूसर झाली. घडवणाऱ्यांनी हिरकणीच्या टोकाने आपले नाव आणि वर्ष कोरावे हा संकेत पुष्कळांनी स्वीकारला आहे. सौंदर्य बिघडते म्हणून काहीजण अजूनही तो पाळत नाहीत. माझ्या मते इथे सौंदर्याला जागा नाही. खूण नसलेले टोक घराबाहेर जाऊ नये.

आपल्याकडे विक्रीपेक्षा कचऱ्याचा धोका मोठा आहे. नदीकाठच्या ज्या गोट्यांवर नवशिक्याची नजर जाते, त्याच काठांवर हजारो वर्षांपूर्वीचे छिलके आणि गाभे पडलेले असतात. पुरातत्त्वज्ञ ती वस्ती पुष्कळदा त्या कचऱ्यावरूनच वाचतात. कॅल्सेडोनीचा ताजा छिलका आणि जुना छिलका काही पावसाळ्यांनंतर वरवर पाहता वेगळे ओळखणे कठीण जाते. म्हणून काठावरून फक्त न फोडलेला गोटा उचलायचा, फोडायचा तो घरी आणून, ताडपत्रीवर. काम संपल्यावर ताडपत्रीवरचा सगळा चुरा डब्यात भरायचा आणि डब्यात एक नवे नाणे टाकायचे, म्हणजे कधी कुठे पुरला तरी त्याचे वय लपणार नाही.